विश्लेषण : चिलीची ‘मेर्लो’ मेर्लो नव्हतीच! हरवलेले कारमेनेर द्राक्ष कसे सापडले?

चिलीची मेर्लो ही रेड वाइन १९९०च्या दशकात परदेशात चांगली खपत होती. किंमत कमी आणि चव इतर देशांच्या मेर्लोपेक्षा जरा वेगळी, मसालेदार. हा मेर्लोचाच स्थानिक प्रकार असावा, असे समजले जाई.

२४ नोव्हेंबर १९९४ रोजी फ्रान्सचे द्राक्षवाणतज्ज्ञ ज्याँ-मिशेल बुर्सिको माइपो खोऱ्यातील ‘कारमेन’ कंपनीच्या बागेत फिरत होते. दक्षिण गोलार्धात तेव्हा वसंत असतो; वेली फुलोऱ्यात होत्या. फुलांतले पुंकेसर पिळवटलेले दिसले आणि बुर्सिको थांबले. मेर्लोचे पुंकेसर असे नसतात. ही वेल कारमेनेरची आहे, असे त्यांनी सांगितले. फ्रान्समधून जवळपास नामशेष झालेला वाण! पुढे डीएनए चाचणीतही तेच निघाले.

हा वाण फ्रान्समधून गेला कसा?

कारमेनेर मूळची बोर्दोची. १८६०च्या दशकापासून अमेरिकेतून आलेल्या फायलोक्सेरा या मावावर्गीय किडीने फ्रान्सच्या बागा मुळापासून उद्ध्वस्त केल्या. उपाय सापडला तो अमेरिकी खुंटावर कलम करण्याचा. (नाशिकचे बागायतदार डॉगरिज खुंटावर कलम करतात ते मुख्यतः क्षार आणि पाणीटंचाईमुळे, पण तंत्र तेच.) नव्या लागवडीत कारमेनेर मागे पडली. थंड, ओल्या वसंतात तिची फुले गळतात, शिवाय द्राक्ष उशिरा पिकते.

मात्र कीड येण्याआधीच, १८५०च्या दशकात, चिलीच्या जमीनदारांनी बोर्दोहून काड्या आणल्या होत्या. अँडीज पर्वत, पॅसिफिक महासागर आणि अटाकामा वाळवंट यांच्या मधोमध असलेल्या चिलीतील बागांपर्यंत फायलोक्सेरा पोहोचली नाही. कोरड्या हवेत कारमेनेर तगली, पण मेर्लोच्या बागेत, मेर्लो म्हणूनच.

नाव चुकल्याने काय बिघडले?

खरा घोळ तोडणीत होता. कारमेनेर मेर्लोनंतर तीन-चार आठवड्यांनी पिकते. बागेत दोन्ही वेली सरमिसळ. मेर्लो तयार झाली की सगळेच घड उतरवले जात. कच्च्या कारमेनेरमध्ये मेथॉक्सिपायरझिन हे संयुग जास्त असते. ढोबळी मिरचीला तिचा वास देणारे संयुग हेच. त्यामुळे वाइनलाही तोच हिरवट वास येई. कारमेनेरसाठी थांबावे, तर मेर्लो अतिपक्व होणार.

म्हणून वेलीगणिक ओळख पटवून खुणा कराव्या लागल्या. कारमेनेरच्या कोवळ्या पानांवर लालसर झाक असते आणि शरद ऋतूत पाने गडद लाल होतात, हे इथे कामी आले.

बाजारातली अडचण वेगळी होती. मेर्लो हे नाव ग्राहकांना ठाऊक होते. कारमेनेर कोण मागणार? त्यातच या नावाला सरकारी मान्यता नव्हती. ‘कारमेन’ने सुरुवातीला ‘ग्रांद विद्यूर’ हे जुने पर्यायी नाव वापरून वाइन विकली. मान्यता मिळाली १९९८ मध्ये. आज कारमेनेर म्हटले की चिलीच आठवते.

आता मेर्लोच्या बाटलीत मेर्लोच असते का?

बहुतांशी. चिलीच्या नियमानुसार लेबलवरचा वाण बाटलीत किमान ७५ टक्के हवा. म्हणजे उरलेल्या २५ टक्क्यांत कारमेनेर असू शकते, फक्त आता ती ठरवून घातलेली असते.