आधी उजेड, मग भिंग

पिंपरीच्या नावाचा एक जीवाणू आहे : स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीने १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी या जीवाणूपासून हॅमायसिन हे बुरशीनाशक मिळवले. १९६१ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली.

त्या काळात जनुके वाचून जात ठरवण्याची सोय नव्हती. वसाहतीचा रंग पाहायचा, रासायनिक चाचण्या करायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणूंच्या साखळ्या न्याहाळायच्या : सरळ आहेत, आकड्यासारख्या वाकलेल्या आहेत की मळसूत्री? या जीवाणूचा धागा जेमतेम एक मायक्रॉन जाडीचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. इतके बारीक काही नीट दिसायचे, तर यंत्र हाताळण्याची रीत माहीत हवी. ती आजही तीच आहे.

सुरुवात नमुन्यापासून होते. अगारच्या थाळीत कव्हरस्लिप तिरकी खोचून ठेवली, की जीवाणू काचेवर चढतो. काही दिवसांनी ती अलगद काढून स्लाइडवर ठेवायची, म्हणजे साखळ्या मोडत नाहीत. नमुना पाण्याच्या थेंबात पाहायचा असेल, तर थेंबावर कव्हरस्लिप सपाट टाकू नये. एक कड टेकवून हळूहळू खाली आणावी, नाहीतर हवेचे बुडबुडे अडकतात आणि त्यांच्या जाड काळ्या कडा पाहून नवखे विद्यार्थी ‘पेशी सापडली’ म्हणून मोकळे होतात.

स्लाइड स्टेजवर बसवली, की पहिले ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे नमुन्याजवळचे भिंग, सर्वांत लहान, ४ एक्सचे. बाजूने पाहत स्टेज वर आणावे. मग आयपीसला डोळा लावून ते खाली नेत फोकस साधावा. स्टेज ऑब्जेक्टिव्हपासून दूर जात असल्याने स्लाइड फुटण्याचा धोका राहत नाही. नंतर १० एक्स, मग ४० एक्स. चांगल्या यंत्रात ऑब्जेक्टिव्ह बदलले तरी फोकस जवळपास टिकतो, म्हणून ४० एक्सवर मोठ्या चाकाला हात लावायचा नाही. फक्त बारीक चाक फिरवायचे.

इथपर्यंत बहुतेकांना जमते. दुर्लक्ष होते ते स्टेजखालच्या कंडेन्सरकडे. तो प्रकाशाचा शंकू नमुन्यावर एकवटतो. बहुतेक वेळा तो स्टेजच्या अगदी जवळ हवा. त्यातल्या डायफ्रामचे काम उजेड कमी-जास्त करण्याचे नाही. त्यासाठी दिव्याचे बटण आहे. आयपीस काढून नळीत डोकवावे आणि ऑब्जेक्टिव्हचा उजळलेला गोल दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरेल इतका डायफ्राम उघडा ठेवावा. फार मिटला तर कडा ठळक होतात, पण बारकावे हरवतात. पूर्ण उघडला तर रंग न दिलेला पारदर्शक नमुना उजेडात विरून जातो.

यामागचे गणित एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये मांडले. दोन ठिपके वेगळे दिसण्याची मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीवर आणि भिंग किती रुंद शंकूतला प्रकाश गोळा करते यावर ठरते. हा दुसरा आकडा, न्यूमेरिकल अपर्चर, ऑब्जेक्टिव्हवर कोरलेला असतो : ४० एक्सवर साधारण ०.६५, तर १०० एक्सवर १.२५. हिरव्या प्रकाशात पहिल्याची मर्यादा सुमारे ०.४२ मायक्रॉन, दुसऱ्याची ०.२२. हवेत हा आकडा एकच्या पुढे जात नाही, म्हणून १०० एक्सला तेलाचा थेंब लागतो. तेलाचा अपवर्तनांक काचेच्या जवळचा असल्याने किरण वाटेत वाकून निसटत नाहीत. तेल लावल्यावर ४० एक्सकडे परत वळू नये, कारण ते भिंग तेलासाठी नसते. काम संपले की लेन्स पेपरने तेल टिपून घ्यावे. शर्टाच्या टोकाने कधीच नाही.

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात वाहनांच्या सुट्या भागांची तपासणी करणाऱ्या धातुशास्त्र प्रयोगशाळांतही ‘आधी उजेड, मग भिंग’ हाच नियम चालतो. धातू पारदर्शक नसल्याने तिथे प्रकाश वरून, ऑब्जेक्टिव्हमधूनच खाली जातो. तुकडा एमरी पेपरने घासून डायमंड पेस्टने आरशासारखा चमकवला, की बिडातले ग्रॅफाइट पातळ पाकळ्यांचे आहे की गोळ्यांचे, हे कळते. पाकळ्यांच्या टोकांपासून तडा जाऊ शकतो. गोळ्यांचे बीड जास्त चिवट. धातूचे कण दिसायला हवे असतील, तर नायट्रिक आम्ल आणि अल्कोहोलचे नायटल लावावे लागते. पॉलिशमध्ये ओरखडा राहिला, तर महागडे यंत्रही तो ओरखडाच मोठा करून दाखवते.

उपयोगी वर्धनाला मर्यादा असते : अपर्चरच्या आकड्याच्या फार तर हजारपट. १.२५ च्या भिंगाला १२५० पटींच्या पुढे नेले, तर मोबाइलवरचा धूसर फोटो बोटांनी ताणल्यासारखे होते. म्हणून शाळेसाठी यंत्र घेताना खोक्यावरच्या ‘२००० एक्स’ला भुलू नये. ऑब्जेक्टिव्हवरचा दुसरा आकडा वाचावा, कंडेन्सर वर-खाली होतो का आणि डायफ्राम सहज मिटतो का, हे दुकानातच पाहावे; मगच पैसे मोजावेत.