रिचर्ड टेम्पल: वऱ्हाडचा कारभार ते ब्रिटिश संसद

वडनेर भोलजीकरांनो, निजामाशी झालेल्या १८५३ च्या तहानंतर आपल्या वऱ्हाडाचा कारभार हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटाच्या हाती गेला. १८६७ मध्ये काही महिने त्या खुर्चीवर होते रिचर्ड टेम्पल. त्याआधी नागपुरात मध्य प्रांताचे चीफ कमिशनर. १८७४ च्या बिहार दुष्काळात त्यांनी ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसं जगवली. पण खर्चावरून टीका झाली. मग १८७७ च्या दुष्काळात त्यांनी दुष्काळी कामांवर राबणाऱ्या मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे अर्धा किलोही नाही, एवढं धान्य आणि वर किरकोळ पैसे ठरवले! मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने सरकारकडे दाद मागितली. मला ही तुटपुंजी मजुरी अक्षम्य वाटते, कारण माणसं कशी वाचवायची हे टेम्पल यांना पक्कं ठाऊक होतं. त्याच वर्षी ते मुंबईचे गव्हर्नर झाले आणि १८८५ मध्ये इव्हशॅममधून ब्रिटिश संसदेवर निवडून गेले.