गाडी काढण्यामागचं गणित

पुण्यात ६ मार्च २०२२ रोजी मेट्रो धावू लागली आणि २९ सप्टेंबर २०२४ला ती भुयारातून मंडईखालून स्वारगेटला पोहोचली. गाडी वातानुकूलित, सिग्नलची कटकट नाही. तरीही संध्याकाळी सहाच्या सुमारास कर्वे रस्त्यावर उभं राहून पाहा, दुचाक्यांचा पूर ओसरलेला दिसत नाही. ‘पुणेकरांना गाडीची सवयच लागलीय’ असं म्हणून आपण मोकळे होतो. पण या सवयीमागे चोख हिशेब आहे.

हौसेची भटकंती सोडली, तर प्रवासासाठी प्रवास फारसा कोणी करत नाही. कामावर, शाळेत, दवाखान्यात, लग्नाला पोहोचायचं असतं. रस्त्यात जाणारा वेळ ही त्याची किंमत. त्यालाही मर्यादा असते. जागतिक बँकेसाठी काम केलेल्या याकोव्ह झहावी यांनी १९७०च्या दशकात दाखवलं, की शहरातला माणूस दिवसाकाठी सरासरी तासाभराच्या आसपास प्रवासाला देतो. वाहन वेगवान झालं, की तो वाचलेला वेळ घरी घालवत नाही. जरा लांब, जरा स्वस्त घर घेतो.

शिवाय, घर ते ऑफिस अशी सरळ रेघ फार थोड्यांच्या वाट्याला येते. सिंहगड रस्त्यावर राहणारी आणि शिवाजीनगरला नोकरी करणारी एखादी आई घ्या. सकाळी मुलाला शाळेत सोडायचं आणि ऑफिस गाठायचं. परतताना सासूबाईंची औषधं, भाजी, मग क्लासमधून मुलाला घ्यायचं. स्कूटरच्या हुकाला पिशवी, डिकीत डबा, मागे दप्तरासह मुलगा, की झाली सगळी कामं. हेच बसने करायचं तर प्रत्येक टप्प्यावर उतरा, थांबा, पुन्हा चढा. बायकांच्या वाट्याला अशी जोडकामं जास्त येतात आणि मार्ग मात्र बहुधा ‘घर ते ऑफिस’ धरून आखले जातात.

या हिशेबात सगळ्यात महाग पडतं ते थांब्यावर ताटकळणं. बसमध्ये बसून गेलेल्या दहा मिनिटांपेक्षा थांब्यावरची दहा मिनिटं माणसाला जवळपास दुपटीने जड जातात, असं वाहतुकीचे अभ्यासक धरून चालतात. बस कधी येईल याचा पत्ता नसेल, तर आणखीच. मेट्रो वेळेवर आली तरी घरापासून स्टेशनपर्यंत जायचं कसं? फुटपाथवर गाड्या लावलेल्या, रिक्षावाला ‘जवळचं भाडं नको’ म्हणणार.

पैशांचं गणितही दुचाकीच्याच बाजूने झुकतं. स्कूटर लिटरला ४५ किलोमीटर गेली, तर शंभरीपार पेट्रोलमध्येही किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये पडतात. डबलसीट असाल तर माणशी त्याच्या निम्मे. हप्ता, विमा, सर्व्हिसिंग हे खर्च महिन्या-वर्षाने येतात, रोज किल्ली फिरवताना ते कोणी धरत नाही. पार्किंग बहुतेक ठिकाणी फुकट. तिकीट मात्र दरवेळी, माणशी आणि रोख मोजून द्यावं लागतं.

ज्यांच्या दारात गाडीच नाही, तिथे तिकिटाचा दर निर्णायक ठरतो. राज्यात १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट लागू झालं. माहेरी एक चक्कर, तालुक्याचा बाजार, डॉक्टरकडे पुन्हा दाखवायला जाणं, अशी पैशांपायी पुढे ढकललेली कामं त्यामुळे आवाक्यात आली. पण गावात दिवसातून दोनच फेऱ्या होत असतील, तर सवलत असूनही पूर्ण पैसे मोजून वडापमध्ये दाटीवाटीने बसावं लागतं. तिकीट स्वस्त करून भागत नाही, गाडी यावी लागते.

वाहनांची नव्हे तर माणसांची ने-आण महत्त्वाची, हे तत्त्व २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणातच आहे. आपण मात्र उड्डाणपुलांवर कोट्यवधी खर्च करतो आणि थांब्यावर साधं वेळापत्रकही लावत नाही. दुचाकीस्वाराला दोष देणं सोपं आहे. त्याचा हिशेब बदलणं हे महापालिकेचं काम आहे. त्याची सुरुवात भरवशाच्या बसपासून आणि चालता येईल अशा फुटपाथपासून करावी लागेल. निवडणुकीत मतं मागायला येणाऱ्यांना नव्या पुलाऐवजी हे दोन प्रश्न विचारा.