ड्रीमविव्हरमध्ये लोकल साइट : आधी फोल्डर, मग वेबपेज

वेबपेज बनवायला शिकणारे बरेच जण ड्रीमविव्हर उघडतात आणि थेट नवीन एचटीएमएल फाइल घेऊन कामाला लागतात. फाइल डेस्कटॉपवर, फोटो डाउनलोड्समध्ये, लोगो पेन ड्राइव्हवर. आपल्या संगणकावर सगळं झकास दिसतं. पण तेच पेज सर्व्हरवर चढवलं की फोटोंच्या जागी रिकाम्या चौकटी! असं का होतं?

पेजमध्ये फोटो प्रत्यक्ष साठवलेला नसतो, तिथे फक्त त्याचा पत्ता लिहिलेला असतो. तो पत्ता सी ड्राइव्ह, मग यूजर्स, मग डाउनलोड्स असा असेल, तर पाहणाऱ्याला तुमचा सी ड्राइव्ह कुठून दिसणार?

म्हणून सगळ्यात आधी एक फोल्डर करा. समजा, शाळेची वेबसाइट बनवायची आहे. डी ड्राइव्हवर ‘शाळा’ या अर्थाचं इंग्रजी लिपीत नाव दिलेला फोल्डर घ्या आणि त्यात फोटोंसाठी ‘इमेजेस’ हा फोल्डर करा. आता ‘साइट’ मेनूतून ‘न्यू साइट’ निवडा. ‘साइट नेम’मध्ये काहीही लिहा, ते फक्त तुमच्या ओळखीसाठी असतं. खरं महत्त्व ‘लोकल साइट फोल्डर’ला. तिथे आपला फोल्डर दाखवा आणि सेव्ह करा. सर्व्हरची माहिती आत्ता भरायची गरज नाही.

यापुढे बाहेरचा फोटो पेजवर घेतला, की तो साइटच्या फोल्डरमध्ये कॉपी करायचा का, असं ड्रीमविव्हर विचारतं. ‘येस’ म्हणा आणि ‘इमेजेस’ फोल्डर दाखवा. फाइलचं नाव बदलायचं असेल तर ते ‘फाइल्स’ पॅनलमधूनच बदला, कारण तिथे बदललं की बाकीच्या पेजमधल्या लिंकही दुरुस्त करून मिळतात. विंडोजमध्ये परस्पर नाव बदललंत, तर ड्रीमविव्हरला त्याचा पत्ताच नसतो.

आणखी एक. फाइलची नावं इंग्रजी छोट्या अक्षरांत ठेवा, मध्ये मोकळी जागा सोडू नका. विंडोजला मोठा ‘पी’ आणि छोटा ‘पी’ सारखेच वाटतात, लिनक्स सर्व्हरला मात्र त्या दोन वेगळ्या फाइल वाटतात. ही चूक घरी दिसतच नाही, म्हणून जास्त त्रास देते.

दोन-चार साइट झाल्या, की ‘मॅनेज साइट्स’ची यादी कामाला येते. यादीतून साइट काढली तर फाइल डिलीट होत नाहीत, फक्त नोंद जाते. तेव्हा घाबरू नका. ‘एक्सपोर्ट’च्या बाबतीत मात्र गैरसमज नको. त्यातून तयार होणाऱ्या ‘डॉट एसटीई’ फाइलमध्ये फक्त सेटिंग असतात, पेज नव्हे. लॅबमधून घरी काम न्यायचं तर मूळ फोल्डरही पेन ड्राइव्हवर घ्यावाच लागतो. घरी तो वेगळ्या ड्राइव्हवर ठेवला, तर ‘मॅनेज साइट्स’मध्ये साइटवर डबल क्लिक करून नवी जागा दाखवा.