हट्ट अडीच वर्षांचा

राजहट्ट, स्त्रीहट्ट आणि बालहट्ट हे तीन हट्ट आपल्याकडे पूर्वापार एकाच माळेत ओवले जातात. पैकी राजे केव्हाच गेले. स्त्रीचा हट्ट म्हणजे बहुतेक वेळा तिची साधी गरज असते, पण तसं कबूल कोण करतो? उरला बालहट्ट. तो घरोघर आहे आणि त्याच्यापुढे भल्याभल्यांचे हात टेकतात.

आमच्या घरात सध्या अडीच वर्षांचा एक सत्ताधीश नांदतो. चप्पल स्वतःच घालायची, तीही उलटीच. पाणी पेल्यातून नको, तांब्यातूनच हवं. परवा त्याच्या आईनं भाकरीचा तुकडा मोडून ताटात ठेवला, तर ‘जोड!’ म्हणून त्यानं घर डोक्यावर घेतलं. नवी अख्खी भाकरी पुढं केली, तीही नको. मोडलेलीच जोडून पाहिजे! आजी म्हणाली, ‘लई माजलंय लेकरू. थांब, पोलिसाला बोलावते.’ सुनेनं हळूच म्हटलं, ‘आई, त्याला भेव नका दाखवू.’ दोघींमधली तेवढी धुसफूस दुपारपर्यंत पुरली.

माज वगैरे काही नसतो हो. दीड-दोन वर्षांच्या सुमारास मुलाला आपण आईपासून वेगळे आहोत, आपलीही काही इच्छा आहे, हे उमगू लागतं. इच्छा मोठी आणि शब्द मोजके. त्यात राग आवरणारा मेंदूचा कपाळामागचा भाग अजून कच्चाच असतो; तो पुरता पिकायला माणूस विशी ओलांडतो. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञानं १९५० साली लिहून ठेवलं, की या वयात मूल एक तर स्वतःच्या बळावर उभं राहायला शिकतं, नाहीतर स्वतःची लाज बाळगायला. आमचा हिंगोली जिल्हाही १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. त्याला कुणी हट्टी म्हटलं नाही!

याच जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. विठ्ठलानं नैवेद्य खाल्लाच पाहिजे म्हणून बाळ नामदेव अडून बसला, डोकं आपटून घ्यायला निघाला आणि देवाला जेवावं लागलं, ही कथा आपण कौतुकानं सांगतो. घरातल्या पोरानं भिंतीवर डोकं आपटलं, की मात्र पाठीत धपाटा. कथेतल्या हट्टाला भक्ती म्हणायचं आणि ओसरीवरच्या हट्टाला खोडी! थोडा पंक्तिभेद होतोच.

धपाटा नको म्हणून हल्ली मोबाईल देतात. क्षणात शांतता. दोन वर्षांखालच्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि पुढेही दिवसाला तासाभराहून जास्त नको, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली सांगितलं. सांगणं सोपं आहे. तीन पिढ्यांचा स्वयंपाक, शेण-झाड आणि शेतातली खेप एकाच बाईच्या माथी असेल, तर तिनं मोबाईल दिला म्हणून बोट कुणी दाखवायचं? निदान ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या पुरुषांनी तरी नाही.

एक गोष्ट मात्र हट्ट म्हणून सोडून देऊ नये. काही लेकरं रडता रडता श्वास कोंडतात, ओठ निळे पडतात, क्षणभर शुद्धही हरपते. घरादाराचं काळीज लकाकतं आणि त्या दिवसापासून लेकरू म्हणेल ती पूर्व दिशा. हे झटके बहुधा निरुपद्रवी असतात, पण डॉक्टरांना दाखवावंच. कारण काही मुलांत त्यामागे रक्तातल्या लोहाची कमतरता असते आणि औषधानं झटके कमी होतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या दर शंभर मुलांत जवळपास ६९ मुलांना रक्तक्षय आढळला होता. देवऋष्याकडे जाण्याआधी एवढं ध्यानात असावं.

आणि मग हळदीचे दिवस येतात. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण हळद काढायची, शिजवायची, वाळवायची ती घराघरानंच. वाफाळत्या कुकरजवळ मात्र लेकराचं काही चालू द्यायचं नाही. तिथं समजूत नाही, आमिष नाही. उचलायचं आणि लांब न्यायचं, रडलं तर रडू द्यायचं. बाकी दिवसभर उठता-बसता ‘नको, नको’ म्हटलं, तर या एका ‘नको’ला वजन राहत नाही. चप्पल उलटी घातल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. कुकरपाशी बिघडतं.

यंदा सुनेनं वाळवणाच्या कडेला त्याला पसाभर हळकुंडं आणि एक छोटी सुपली वेगळी दिली. दोन दिवस तो पाखडत होता, पिवळाधमक होऊन. आजीनंही एकदा शेजारी बसकण मारली. तिसऱ्या दिवशी सगळी हळद पॉलिशला न्यायची म्हणून गडी पोती भरू लागला, तसा हा ढिगावर आडवा पडला, ‘माजी हाय!’

गड्यानं सुनेकडे पाहिलं, सुनेनं सासूकडे. पोती गेली. पसाभर हळकुंडं तेवढी अजून खाटेखाली आहेत आणि झाडू मारायला तिकडे कुणी फिरकत नाही.