दफ्तरातून निसटलेला रशिया

इतिहासाचार्य राजवाड्यांनी मराठी वाचकाला एक खोड लावून दिली आहे: आधी कागद दाखवा, मग गोष्ट सांगा. बखर कितीही रसाळ असो, ती कुणी, केव्हा, कुणाच्या आश्रयाने लिहिली हे विचारल्याशिवाय तिच्यावर विसंबायचं नाही. रशियन हेरगिरी आणि स्टालिनच्या काळातली दडपशाही यांवरच्या पुस्तकांच्या ढिगातून काय उचलावं हे ठरवताना मला हीच खोड सर्वांत कामाची वाटते. कारण मूळ दफ्तराचा मोठा भाग आजही मॉस्कोत कुलूपबंद आहे. बाहेर आलेलं बरंचसं कुणी चोरून आणलं, कुणी करार करून उतरवून घेतलं, तर कुणी संकेतलिपी फोडून मिळवलं.

सर्वांत गाजलेली नक्कल वासिली मित्रोखिन याची. १९७२ साली केजीबीच्या परदेश विभागाचं दफ्तर लुब्यान्काच्या इमारतीतून मॉस्कोच्या सीमेवर यासेनेवोला हलवायचं ठरलं. सुमारे तीन लाख फायली तपासून, नोंदवून, सीलबंद करून पाठवायचं काम दफ्तर सांभाळणाऱ्या मित्रोखिनकडे आलं. तो फायली वाचे आणि चिटोऱ्यांवर टिपणं काढी. सुरुवातीला ते चिटोरे बुटात दडवून घरी नेई, पुढे धीर चेपल्यावर सरळ खिशातून. गावाबाहेरच्या आपल्या छोट्या घरी तो ही टिपणं जमिनीखाली लपवून ठेवी. एक साठा दुधाच्या कॅनमध्ये होता. हे बारा वर्षं चाललं. १९९२ मध्ये, सोव्हिएत संघ कोसळल्यावर, नमुन्याचे कागद घेऊन तो लाटव्हियात गेला. अमेरिकी दूतावासाने त्याला फारसं मनावर घेतलं नाही, ब्रिटिशांनी घेतलं. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला, म्हणजे नेमक्या क्रांतीच्या वर्धापनदिनी, त्यांनी त्याला सहकुटुंब बाहेर काढलं.

केंब्रिजचे इतिहासकार क्रिस्टोफर अँड्र्यू यांनी त्या टिपणांवर मित्रोखिनसोबत दोन खंड लिहिले, पहिला १९९९ मध्ये आणि दुसरा २००५ मध्ये. पहिल्याने लंडनच्या उपनगरातल्या मेलिटा नॉरवूड या ८७ वर्षांच्या आजीबाई जुन्या सोव्हिएत हेर असल्याचं उघड केलं. दुसऱ्यात भारतावर भरपूर मजकूर आहे आणि त्यावरून आपल्याकडे गदारोळही झाला. १९७२ या एका वर्षात भारतीय वृत्तपत्रांत ३,७८९ लेख पेरल्याचा केजीबीचा दावा त्यात आहे. हा आकडा पाहून पक्षोपक्षांचे प्रवक्ते तुटून पडले, पण तो मुळात कुणी मांडला हे विचारण्याच्या भानगडीत फारसं कुणी पडलं नाही. तो केजीबीच्या आपल्याच कामगिरीच्या हिशोबातला आहे. वरिष्ठांना खूश ठेवण्यासाठी आकडे फुगवण्याची कला काही रशियाची मक्तेदारी नव्हे! शिवाय मूळ फायली बाहेरच्या इतिहासकारांना पाहायला मिळालेल्या नाहीत. २०१४ मध्ये केंब्रिजच्या चर्चिल कॉलेजात अभ्यासकांसाठी खुली झाली तीही मित्रोखिनच्या टिपणांची टंकलिखित प्रत. म्हणून हे खंड जरूर वाचावेत, पण ‘केजीबीच्या कागदात असं म्हटलं होतं’ एवढाच त्यांचा अर्थ घ्यावा.

मग ताळा कशाशी घालायचा? इथे व्हेनोना हा सोव्हिएत संदेश फोडण्याचा अमेरिकी प्रकल्प कामी येतो. सोव्हिएत संदेशांच्या संकेतवह्यांतलं प्रत्येक पान एकदाच वापरायचं असे, त्यामुळे ते संदेश फोडणं अशक्य मानलं जाई. पण १९४२ च्या सुमारास, युद्धाच्या घाईत, हजारो पानं दुबार छापली गेली. अमेरिकी संकेततज्ज्ञांनी १९४३ पासून याच फटीतून शिरून सुमारे ३,००० संदेश पूर्ण वा अर्धवट वाचले. ते १९९५ मध्ये जाहीर झाले. दुसरीकडे अलेक्झांडर वासिलिएव या माजी केजीबी अधिकाऱ्याला नव्वदीच्या दशकात, एका प्रकाशन कराराखाली, जुन्या फायली पाहायला मिळाल्या. त्याच्या वह्यांची पानं १,११५. या वह्यांतली टोपणनावं आणि व्हेनोनातली टोपणनावं जिथे जुळतात तिथे पाय टेकायला जमीन मिळते. जॉन हेन्स, हार्वी क्लेर आणि वासिलिएव यांचं २००९ चं ‘स्पाइज’ याच ताळ्यावर उभं आहे. पुस्तक रुक्ष आहे, पण भरवशाचं.

बखरींचं काय? स्टालिनच्या घातपाती मोहिमा चालवणाऱ्या पावेल सुदोप्लातोवच्या १९९४ च्या आठवणी थरारक आहेत. मात्र ओपेनहायमर आणि बोर यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी अणुबॉम्बची गुपितं पुरवल्याचं तो सांगतो, ते इतिहासकारांनी पुराव्याअभावी झिडकारलं. सोव्हिएतांसाठी हेरगिरी करणारा ब्रिटिश गुप्तचर अधिकारी किम फिल्बी याचं १९६८ चं आत्मकथन मॉस्कोत बसून लिहिलेलं, तेव्हा त्यात काय गाळलं असेल याचा अंदाज आपणच करावा. ब्रिटिशांसाठी हेरगिरी करणाऱ्या गोर्डिएव्स्की या केजीबी अधिकाऱ्यावर बेन मॅकिन्टायरने लिहिलेलं पुस्तक हातातून सुटत नाही, पण ती ब्रिटिशांच्या बाजूने सांगितलेली हकिकत आहे.

हेरगिरी ही या यंत्रणेची परदेशी शाखा होती. तिचं खरं काम घरात चाले. १९३७-३८ या दोन वर्षांत देहदंड दिलेल्यांची पोलिसांचीच बेरीज ६,८१,६९२ आहे. यात आपली माणसंही आहेत. १९२१ मध्ये बर्लिनहून मॉस्कोला गेलेल्या भारतीय क्रांतिकारकांच्या गटात वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे होते, सरोजिनी नायडूंचे भाऊ वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय होते आणि गुलाम अंबिया खान लुहानीही. खानखोजे पुढे मेक्सिकोला गेले, शेतीशास्त्रज्ञ म्हणून नावारूपाला आले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. चट्टोपाध्यायांना १९३७ मध्ये गोळी घातली गेली, लुहानींना १९३८ मध्ये. आपल्याकडे प्रगती आणि रादुगा प्रकाशनांची स्वस्त, देखणी रशियन पुस्तकं घरोघर पोचली, पण ही हकिकत त्यांतून कळण्याचं कारणच नव्हतं.

या राजवटीला कागदाची भीती किती होती, ते वासिली ग्रॉसमनच्या कादंबरीवरून दिसतं. फेब्रुवारी १९६१ मध्ये केजीबीने ‘जीवन आणि नियती’चं हस्तलिखित तर नेलंच, शिवाय टंकयंत्राच्या रिबिनी आणि कार्बन पेपरही नेले. ग्रॉसमन १९६४ मध्ये गेला. मित्रांनी जपलेल्या प्रतीवरून ती कादंबरी १९८० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली. जप्त कागद सरकारने साहित्य-अभिलेखागाराकडे सोपवले ते २०१३ मध्ये. सोल्झेनित्सिनच्या ‘गुलाग’ची प्रत लपवणाऱ्या एलिझावेता वोरोन्यान्स्काया या टंकलेखिकेने चौकशीत ठिकाण सांगितलं आणि ऑगस्ट १९७३ मध्ये ती गळफास लागलेल्या अवस्थेत सापडली.

कागदाच्या मागावर जाणं आजही महाग पडतं. सोलोव्की बेटांवरच्या तुरुंगातून १९३७ मध्ये हलवलेले १,१११ कैदी कुठे गेले, याचा शोध मातवेएव या मारेकऱ्याच्याच जबानीच्या कागदांवरून लागला. १९९७ मध्ये इतिहास-संशोधक यूरी दिमित्रिएव आणि सोव्हिएत दडपशाहीच्या नोंदी जमवणाऱ्या ‘मेमोरियल’ संस्थेचे अभ्यासक करेलियातल्या सांदारमोखच्या जंगलातल्या खड्ड्यांपर्यंत पोचले. २०१६ मध्ये दिमित्रिएवला पकडण्यात आलं. आरोप वेगळेच होते आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या मते ते रचलेले. डिसेंबर २०२१ मध्ये त्याची शिक्षा १५ वर्षांवर नेण्यात आली. त्याच महिन्यात रशियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘मेमोरियल’ बरखास्त करण्याचा आदेश दिला. पुढच्या वर्षी तिला शांततेच्या नोबेल पुरस्काराचा वाटा मिळाला.

वाचायला बसायचं असेल तर पहिलं पुस्तक हेरांचं घेऊ नका. छावण्यांत अनेक वर्षं काढलेल्या वार्लाम शालामोवच्या कोलिमाच्या कथा आधी वाचा. इंग्रजीत त्या सहज मिळतात. मग मित्रोखिन घ्या, आणि तळटिपा गाळू नका.