मोसमी वारा आणि अरबी समुद्रातील देवमासा

देवमाशांच्या ज्या जातीस इंग्रजीत हंपबॅक म्हणतात, तिला मराठीत कुबडा देवमासा म्हणता येईल. ह्या जातीचे वर्ष दोन भागांत विभागलेले असते. उन्हाळ्यात ध्रुवाकडील थंड समुद्रात पोटभर आहार घ्यावयाचा, आणि हिवाळ्यात उष्ण कटिबंधात येऊन, बहुतांशी उपाशी राहूनच, समागम व प्रसूती उरकावयाची. हजारो किलोमीटरांची ही ये-जा जगातील बहुतेक सर्व महासागरांत आढळते. तिला ठळक अपवाद एकच, आणि तो महाराष्ट्राच्या पश्चिमेस पसरलेल्या अरबी समुद्रात आहे. येथील कुबडे देवमासे बारा महिने ह्याच समुद्रात राहतात, येथेच खातात व येथेच वितात.

हा प्राणी मासा नव्हे, उष्ण रक्ताचा सस्तन प्राणी आहे, हे बहुतेकांस ठाऊक असते. पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याची लांबी तेरा ते पंधरा मीटर भरते. त्यास दात नसतात. वरच्या जबड्यातून, आपली नखे ज्या द्रव्याची बनतात त्याच द्रव्याच्या, झालरीसारख्या पट्ट्या लोंबत असतात. तोंडभर पाणी घेऊन ते ह्या झालरीतून बाहेर लोटावयाचे व आत अडकलेले लहान मासे आणि कोळंबीसारखे जीव गिळावयाचे, ही त्याची भक्षणाची रीत. तेव्हा जेथे असे अन्न दाट असेल तेथेच त्याचा निभाव लागतो. उष्ण कटिबंधातील समुद्र सामान्यतः ह्या बाबतीत दरिद्री असतात. मग अरबी समुद्रातच त्याची सोय कशी होते?

ह्याचे उत्तर मोसमी वाऱ्यात आहे. समुद्रापासून सुमारे तीनशे किलोमीटर आत असलेल्या छत्रपती संभाजीनगरास नैर्ऋत्य मोसमी वारा परिचित आहे तो पावसाच्या रूपाने, आणि तोही सह्याद्रीने बराचसा अडवून घेतल्यानंतर जो उरतो त्या पावसाच्या. समुद्रावर ह्याच वाऱ्याचे दुसरे कार्य चालते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो सोमालिया व ओमान ह्यांच्या किनाऱ्यास समांतर जोराने वाहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे पृष्ठभागावरील पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर, लोटले जाते व त्याची जागा घेण्यास खोलातील थंड पाणी वर येते. ह्या पाण्यात नायट्रेट व फॉस्फेट विपुल असतात. सूर्यप्रकाशात येताच त्यांच्यावर सूक्ष्म वनस्पती माजतात, त्यांवर सूक्ष्म प्राणी, आणि त्यांवर तारलीसारखे मासे पोसतात. हिवाळ्यात ईशान्येचा कोरडा वारा उत्तर भागातील पाणी थंड करतो. थंड झालेले जड पाणी खाली बसते, थर मिसळतात आणि पोषक द्रव्यांचा आणखी एक पुरवठा वर येतो. शिवाय ह्या समुद्राच्या उत्तरेस आशिया खंडाची भिंतच उभी आहे. ध्रुवाकडे जाण्यास वाट नाही, आणि जाण्याची गरजही नाही.

हे ज्ञान कसे प्राप्त झाले, ती हकीकत मात्र सुखद नाही. 1965 व 1966 ह्या वर्षांत सोव्हिएट शिकारी ताफ्यांनी ओमान, पाकिस्तान व वायव्य भारत ह्यांच्या जवळच्या समुद्रात 242 कुबडे देवमासे मारले. ही शिकार बेकायदा होती व ती दडवून ठेवण्यात आली. परंतु जहाजांवरील जीवशास्त्रज्ञांनी मारलेल्या प्राण्यांची जठरे व गर्भ तपासून टिपणे ठेवली होती. युरी मिखालेव्ह ह्यांनी ती माहिती 1997 मध्ये प्रसिद्ध केली. कित्येक जठरांत अन्न होते, म्हणजे हे प्राणी येथे उपवास करीत नव्हते. गर्भांची वाढ त्याहूनही बोलकी होती. दोन गोलार्धांतील कुबड्या देवमाशांच्या प्रजननकाळात सुमारे सहा महिन्यांचे अंतर असते. हे प्राणी दक्षिणेकडून आलेले पाहुणे असते, तर त्या ऋतूत गर्भ अगदी लहान आढळले असते. प्रत्यक्षात त्यांची वाढ उत्तर गोलार्धाच्या कालमानाशी जुळत होती. ज्या गटाचे वेगळेपण ह्या नोंदींनी दाखवून दिले, त्याचा मोठा हिस्सा ह्याच शिकारीत नाहीसा झाला असावा.

मृत देहावरूनच देवमाशाची ओळख होण्याचा प्रसंग कोकण किनाऱ्यावर अजूनही येतो, मग जात कोणतीही असो. 2015 च्या जूनमध्ये रेवदंड्याजवळ एक निळा देवमासा जिवंत वाळूवर आला व मेला. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये गणपतीपुळ्यास आलेले पिल्लू लोकांनी परिश्रमाने समुद्रात लोटले, तरीही ते वाचले नाही. पाण्याचा आधार सुटला की ह्या प्राण्यांचे स्वतःचे वजनच त्यांची फुप्फुसे दाबू लागते आणि शरीरातील उष्णता बाहेर पडेनाशी होते.

जिवंत प्राण्याच्या अभ्यासाच्या रीती त्या मानाने अलीकडच्या. कुबड्या देवमाशाच्या शेपटीच्या खालील बाजूस काळ्यापांढऱ्या रंगाची जी नक्षी असते, ती प्रत्येकाची निराळी, बोटांच्या ठशासारखी. अशा छायाचित्रांवरून ओमानजवळील प्राण्यांची संख्या केवळ 82 च्या आसपास अंदाजण्यात आली. त्वचेच्या नमुन्यांवरील 2014 च्या आनुवंशिक अभ्यासानुसार हा गट इतर सर्व कुबड्या देवमाशांपासून सुमारे 70,000 वर्षे अलग आहे. नर जी लांबलचक गीते गातात, तीही दक्षिण हिंदी महासागरातील गीतांहून निराळी आहेत. अशी गीते गोव्याच्या किनाऱ्याजवळही पाण्याखालील ध्वनिग्राहकांनी टिपली आहेत.

मादी साधारणतः दोन-तीन वर्षांनी एकच पिल्लू देते. एवढ्या मंद गतीने वाढणाऱ्या शंभराहून कमी प्राण्यांत एकेका मृत्यूचे वजन मोठे. ओमानजवळच्या प्राण्यांपैकी तीस ते चाळीस टक्क्यांच्या शेपटीच्या मुळाशी जाळ्यात अडकल्याचे वण दिसतात, आणि ह्याच पाण्यातून मालवाहू जहाजांचे गजबजलेले मार्ग जातात.

ओमान व भारत येथील देवमासे एकाच गटाचे की काय, ह्या प्रश्नास 2017 मध्ये प्रत्यक्ष पुरावा मिळाला. ओमानच्या किनाऱ्यावर एका मादीस उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसविण्यात आले. तिच्या शेपटीवरील नक्षी धुपाच्या झाडासारखी दिसते, म्हणून तिचे नाव लुबान, म्हणजे आपल्याकडचा लोबान. तिने अरबी समुद्र ओलांडला, ती भारताच्या पश्चिम किनाऱ्याने दक्षिण टोकापर्यंत गेली आणि पुन्हा ओमानकडे परतली.